आठवा लागला की भरला?

"शेवटची पाळी केव्हा आली होती?" या प्रश्नाला महाबळेश्वरच्या खोऱ्यातली जुन्या वळणाची बाई सहसा तारीख सांगत नाही. ती म्हणते, "गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्या दिशी." दुसरी म्हणते, "काळूबाईच्या जत्रंला जायचं व्हतं, पर मी बाजूला बसले, तवाच की." कोणी भाताच्या लावणीवरून मोजते, कोणी स्ट्रॉबेरीच्या. उत्तर तिच्या परीने चोख असते. ते पुस्तकातल्या गणितात बसवून घेण्याचे काम मात्र ऐकणाऱ्याचे. हे काम एका क्षणी जमले नाही म्हणून एक हुशार आणि कष्टाळू मुलगी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या एम्. एस्. परीक्षेत कशी अडकली, आणि दुसऱ्या वेळेची तयारी तिने कशी केली, हे मी गेल्या पावसाळ्यात अगदी जवळून पाहिले. ती मुलगी माझी भाची.

माझी थोरली बहीण महाबळेश्वरला दिलेली. मेहुण्यांचे बाजारपेठेत चिक्कीचे, मधाचे आणि चपलांचे दुकान आहे. जून उजाडला की गिऱ्हाईक आटते, धुके थेट दुकानात येऊन बसते आणि कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या गावात जुलै महिन्यात अभ्यासाखेरीज करण्यासारखे दुसरे काही नसते. भाची तेवढ्यासाठीच घरी आली होती. मी एरवी मराठी शिकवणारा माणूस. मला या शास्त्रातले काय कळणार! पण रडवेल्या सुरात तिने जी हकीकत सांगितली ती ऐकून मी चमकलोच, कारण ती सारी माझ्याच विषयातली निघाली.

आधी या परीक्षेविषयी थोडे सांगतो. एम्. बी. बी. एस्. झाल्यावर आणखी तीन वर्षे रुग्णालयात रात्रंदिवस राबायचे, प्रबंध लिहायचा, चार लेखी प्रश्नपत्रिका द्यायच्या. एवढे सगळे झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ती प्रात्यक्षिकाची. परीक्षार्थीला एक गरोदर बाई नेमून देतात. बाईचे जुने कागद, सोनोग्राफीचे अहवाल वगैरे बाजूला काढून ठेवलेले असतात. ठरलेल्या वेळात तिची हकीकत विचारायची, पोट तपासायचे, फीत लावून गर्भाशयाची उंची मोजायची, चार प्रकारांनी हात ठेवून मुलाचे डोके कुठे आणि पाठ कुठे ते ओळखायचे आणि मग परीक्षकांपुढे उभे राहून सगळे मांडायचे. हकीकत ऐकायची मराठीत आणि मांडायची इंग्रजीत. या दोन भाषांच्या मध्ये जी खिंड आहे, तिच्यात कितीतरी परीक्षार्थी सापडतात.

भाचीने त्या बाईला विचारले, "कितवा महिना?" बाई म्हणाली, "आठवा." भाचीने आठ महिने धरले. आठ महिने म्हणजे सुमारे पस्तीस आठवडे. पोट मोजले तर भरले एकतीस सेंटिमीटर. वीस आठवड्यांनंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी असते, असा ठोकताळा आहे. तेव्हा चार सेंटिमीटर कमी! भाचीने निदान केले की मुलाची वाढ खुंटली आहे, आणि त्यावर कारणे, तपासण्या आणि उपचार असा मोठा इमला चढवला. वयस्क परीक्षकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि बाईकडे वळून मराठीत विचारले, "आठवा लागला की भरला, बाई?"

"लागला की. परवाच लागला."

म्हणजे सात महिने पुरे झाले होते, साडेतीस आठवडे. पोट होते तेवढेच असायला हवे होते. मूल ठणठणीत होते. एका क्रियापदात इमला कोसळला, आणि घाबरलेल्या पोरीला पुढचे साधे प्रश्नही सुचेनात.

परीक्षकांना मी दोष देणार नाही. चार आठवड्यांचा हा फरक कागदावरचा नसतो. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची भीती असेल, तर मुलाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. दिवस चुकीचे धरले तर ती द्यायची राहून जातात. खुंटलेले समजून मूल वेळेआधी बाहेर काढले, तर धडधाकट जीव काचेच्या पेटीत जातो. 'लागणे' या क्रियापदावर मी वर्गात बोलत असतो. पाऊस लागतो, घाट लागतो, ठेच लागते, डोळा लागतो आणि महिनाही लागतो. त्यावर कोणाची पदवी अडत असेल हे मात्र माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

तेव्हापासून मामाची नेमणूक झाली. पहिले काम पंचांगाचे. जर्मनीतल्या हायडलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाचा एक नियम आहे: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवावेत, की प्रसूतीची अपेक्षित तारीख येते. एकूण दोनशे ऐंशी दिवस. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरला तर त्याचे दोनशे पंचाहत्तर होतात, इंग्रजी महिना धरला तर दोनशे त्र्याऐंशी. दोन्ही नेगेलेच्या आसपासच! खरी गंमत तिथीची. २०२४ साली गौरीपूजन ११ सप्टेंबरला होते. त्या दिवशी पाळी आलेल्या बाईची तारीख १८ जून २०२५. पण २०२५ साली गौरी जेवल्या त्या १ सप्टेंबरला. अधिक महिना आला की पाहायलाच नको. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, तर २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ती १९ सप्टेंबरला गेली. 'गणपतीत' या एका शब्दाला साल जोडले नाही, तर अडीच-तीन आठवड्यांची चूक ठरलेलीच. भाचीने मेहुण्यांच्या दुकानातली गेल्या चार वर्षांची दिनदर्शिकेची पाने जमवली आणि सण, जत्रा व पौर्णिमा यांचा तक्ताच तयार केला. मांढरदेवची काळूबाईची जत्रा पौष पौर्णिमेची, क्षेत्र महाबळेश्वरची महाशिवरात्र माघातली. देवधर्म न मानणारी ही मुलगी सकाळी उठून तिथ्या पाठ करू लागली, तेव्हा ताईला वाटले की पोरीला उपरती झाली!

दुसरे काम शब्दांचे. त्यात मात्र माझी पदवी फारशी कामाला आली नाही. खरी गुरू निघाली ती ताईकडे धुण्याभांड्याला येणारी मावशी. तिचे माहेर आणि सासर दोन्ही कोयनेच्या जलाशयाकाठचे, तापोळ्याच्या पलीकडचे. भाची तिला पाटावर बसवून परीक्षेसारखे प्रश्न विचारी. हा तास सुरू झाला की हातात छत्री देऊन मला बाजारात पिटाळण्यात येई. तेव्हा पुढचा संवाद ताईने सांगितला तसा देतो.

"मावशी, तुम्हांला मुलं किती?"

"तीन. दोन ल्योक, एक ल्येक."

भाचीने लिहून घेतले. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असं नाही गं विचारायचं. मावशी, तुमच्या खेपा किती झाल्या?"

"खेपा व्हय? खेपा पाच."

पहिली खेप दोन दिवस अडली आणि मूल मेलेलेच निपजले. चौथ्या खेपेला तिसऱ्या महिन्यात पोट पडले. "त्ये कशाला सांगायचं? हाताला लागलंच न्हाई," असे म्हणून मावशी पदराला हात पुसत राहिली.

वैद्यकात याला फार महत्त्व आहे. गर्भ किती वेळा राहिला, किती वेळा मूल जगू शकेल इतके दिवस भरले, किती मुले जिवंत आहेत आणि किती वेळा गर्भपात झाला, हे चार आकडे परीक्षेत पहिल्या वाक्यात सांगावे लागतात. पहिल्या बाळंतपणात मूल दोन दिवस अडून गेले असेल, तर पुढच्या प्रत्येक वेळी त्या बाईला रुग्णालयापासून लांब ठेवणे धोक्याचे असते. 'मुले किती' असे विचारले की आई जिवंत मुले मोजते. गेलेले मूल परक्या माणसापुढे मोजायचे नसते. 'खेप' म्हटले की ते तोंडातून येते, कारण खेप म्हणजे फेरी. ती रिकामी झाली तरी फेरी झालेलीच असते. या शब्दाचा असा उपयोग मला कोणत्याही भाषाशास्त्राच्या पुस्तकाने सांगितला नव्हता.

मग वहीच भरत गेली. 'दिवस राहिले' म्हणजे गर्भ राहिला. 'मोकळी झाली' म्हणजे बाळंत झाली. पहिल्या वेळची ती पहिलटकरीण. गर्भाशय म्हणजे 'पिशवी', आणि 'पिशवी धुतली' म्हणजे आतून साफ केली. 'अंगावरून जातं' असे बाई म्हणाली, तर पांढरे की लाल हे विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. 'अंग बाहेर येतं' हे मात्र अगदी निराळे. तेथे पिशवीच खाली उतरलेली असते. 'पाणमोट फुटली', 'खोट्या कळा', 'वार अडकली'. पायांकडून जन्मलेले मूल ते पायाळू. अशा माणसाने पाठीत लाथ मारली की उसण जाते, असे आपल्याकडे मानतात. मावशीचा मधला मुलगा पायाळू असल्यामुळे त्याच्या लाथेला गावात मोठी मागणी आहे म्हणे! भाचीला मात्र त्यात दुसरेच दिसले. घरी, सुईणीच्या हाती, पायाकडून आलेले मूल जगले याचेच तिला नवल वाटले. कारण अशा वेळी धड बाहेर येऊन डोके मागे अडकते, आणि मग हाताशी फक्त काही मिनिटे असतात.

एके दिवशी 'वार अडकली' या शब्दावरून मावशी आपल्या थोरल्या जावेची गोष्ट सांगू लागली. चाळीसएक वर्षांपूर्वीची ती गोष्ट. मूल सुखरूप झाले, पण वार पडेना. कोयनेचे धरण झाल्यापासून त्या खोऱ्यातल्या कित्येक गावांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले आहेत. पलीकडे यायचे तर लाँच. लाँच येईपर्यंत अंधार पडला. "किती रक्त गेलं?" भाचीने सवयीने विचारले. मावशी म्हणाली, "दोन लुगडी भिजली. मग तिसरं नेसवलं. ते भिजंस्तवर ती बोलायचीच बंद झाली."

त्या रात्री भाची काही वाचत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताईकडून एक जुने नऊवारी सुती लुगडे मागून घेतले आणि न्हाणीघरात बसून दुधाच्या मापाने त्यावर पाणी ओतू लागली. लिटरभराच्या वर पाणी पिऊनही ते टपकेना! बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेले की तो अतिरक्तस्राव, असे पुस्तकात लिहिलेले असते. आणि नुसत्या डोळ्यांनी अंदाज केला तर तो नेहमी कमीच येतो, असेही लिहिलेले असते. दिवस भरलेल्या बाईच्या अंगात एकूण रक्त पाच-सहा लिटर. दोन लुगडी म्हणजे किती, हे तिने वहीत लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

यावरचे उपाय तिला तोंडपाठ होते. मूल बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन, पोटावरून पिशवी चोळणे, वार हाताने काढणे. मग ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, ज्याचा उपयोग २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिला, आणि तेही तीन तासांच्या आत. तेवढ्याने भागले नाही तर पिशवीत फुगा घालून आतून दाब द्यायचा. या फुग्याची कथा मला फार आवडली. परदेशी बनावटीचा फुगा महाग, म्हणून बांगला देशातल्या डॉक्टर सायेबा अख्तर यांनी साधा निरोध रबरी नळीला बांधून तो सलाईनने फुगवला, आणि २००३ साली आपले अनुभव छापले. गरीब देशांतल्या किती बाया त्या चार आण्यांच्या युक्तीने वाचल्या असतील! महाराष्ट्रात २००४ ते २००६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ३३ वर आला. मावशीची जाऊ यांपैकी कोणत्याच आकड्यात नाही.

सगळा अभ्यास असा जड नव्हता. प्रात्यक्षिकात एक मेज असते. त्यावर हाडांचा कटिबंध आणि कापडी बाहुली ठेवलेली असते. परीक्षक सांगतील त्या तऱ्हेने बाहुली कटिबंधातून फिरवत फिरवत बाहेर काढून दाखवायची असते. खांदा केव्हा वळतो, मान केव्हा वाकते, सगळे बोलत बोलत. घरी कटिबंध कुठला? मेहुण्यांनी स्ट्रॉबेरीच्या जुन्या टोपलीचे बूड काढून दिले आणि ताईने चिंध्यांची बाहुली शिवली. दुकानात आलेल्या एका पाहुण्यांनी ही पंचविशी उलटलेली मुलगी टोपलीतून बाहुली ओढताना पाहिली आणि मेहुण्यांकडे तिच्या तब्येतीची हळूच चौकशी केली.

दुसऱ्या मेजावर हत्यारे मांडलेली असतात. कोणतेही उचलून परीक्षक विचारणार. त्या वेळी मला एक अभिमानाची गोष्ट कळली. गर्भाशयाचे तोंड अशक्त असले की काही बायांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात कळांवाचूनच निसटतो. त्या तोंडाला बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून ते आवळून ठेवायचे आणि दिवस भरत आले की सोडायचे, ही शस्त्रक्रिया जगाला दिली ती मुंबईच्या डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकरांनी. गोव्यात १८९९ साली जन्मलेला हा माणूस मुंबईचा एम्. डी. आणि पुढे इंग्लंडचा एफ्. आर्. सी. एस्. झाला. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला टाक्यासाठी दोरा नव्हे, तर त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी ते वापरीत. १९७१ मध्ये ते वारले. आज लंडनला परीक्षेला बसणाऱ्या मुलालाही 'शिरोडकर टाका' सांगावा लागतो. उतरलेली पिशवी वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रियांतही शिरोडकर आणि पुरंदरे ही आपली नावे आहेत.

भाची मधूनमधून खचत असे. "मामा, मला हे जमणार नाही," असे ती म्हणाली तेव्हा मी तिला आनंदीबाई जोशींची आठवण दिली. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्यावर दहा दिवसांचे मूल गमावलेली ही मुलगी फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. भाची म्हणाली, "हो, पण त्या पहिल्याच वेळी पास झाल्या होत्या!" यावर मला उत्तर नव्हते.

सगळ्यांत अवघड प्रश्न मेहुण्यांनी विचारला. दुकानाच्या फळ्या लावता लावता ते म्हणाले, "तुमची सगळी उत्तरं रक्तपेढी शेजारी आहे असं धरून आहेत. २०२१ च्या जुलैसारखं झालं तर काय करशील?" त्या वर्षी २२ आणि २३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला होता. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. साताऱ्याला केळघरच्या घाटाने उतरावे लागते आणि वाईला पसरणीच्या. घाट बंद झाला की थोरामोठ्यांची गाडीसुद्धा जागच्या जागी. मग पलीकडच्या तीरावरच्या बाईची काय कथा! भाचीने दोन दिवस विचार करून उत्तर तयार केले. जोखमीची खेप असेल त्या बाईला तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच रुग्णालयाजवळ आणून ठेवायचे, रक्त कोण देणार हे आधीच ठरवायचे, आणि निघण्यापूर्वी इंजेक्शन देऊन मगच गाडीत घालायचे. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राशेजारी बायांना असे आणून ठेवण्याची सरकारी योजना आहे, तिचे नाव 'माहेरघर'. सरकारी कागदावर इतका नेमका शब्द क्वचितच सापडतो. पण हे सगळे आधी आणून ठेवणे कशावर अवलंबून? तारखेवर. आणि तारीख कशावर? गौरी कोणत्या वर्षी कधी जेवल्या यावर!

परीक्षा झाली. दैवाची थट्टा अशी की या वेळी नेमून दिलेली गरोदर बाई प्राथमिक शिक्षिका निघाली. तिने पाळीची तारीख, सोनोग्राफीची तारीख आणि पुरे झालेले आठवडे हे सगळे न विचारता, आणि निम्मे इंग्रजीत, सांगून टाकले. भाचीचा सणांचा तक्ता खिशातच राहिला. स्त्रीरोगाची दुसरी बाई मात्र साठीची, खेड्यातली. "बसलं की अंग येतं, उठलं की जातं," एवढेच ती सांगत होती. शेजारच्या खाटेवरचा परगावचा परीक्षार्थी अशाच एका बाईच्या अंगदुखीची चौकशी करत बसला होता म्हणे. भाचीने खेपा विचारल्या. बाई आधी पाच म्हणाली. मग थोडे थांबून सहा. परीक्षकांनी पुरंदरे आणि शिरोडकर दोन्ही विचारले. तोंडी परीक्षेत अतिरक्तस्राव आला, आणि कितपत रक्त गेले हे कसे ओळखाल यावर तिने लुगड्याचा प्रयोग सांगितला. परीक्षक हसले नाहीत. मापाचा आकडा मात्र त्यांनी पुन्हा विचारून घेतला.

ती पास झाली. ताईने मावशीला पेढे दिले तेव्हा मावशी म्हणाली, "येवढं शिकून आता तरी कुणाचं बाळंतपण करल का न्हाई?" सरकारी बंधपत्राची एक वर्षाची नोकरी अजून व्हायची आहे, कोठे नेमणूक होते ते कळायचे आहे.

शब्दांची वही सध्या माझ्याकडे आहे. तीत कोयना खोऱ्यातले आणि वाईकडचे शब्द बरेच जमले आहेत, पण सांगली-मिरजेकडची आणि माणदेशातली पाने कोरीच आहेत. 'खोट्या कळां'ना तिकडे काही वेगळे नाव असल्याचे एका विद्यार्थिनीने सांगितले. तिच्या आजीला विचारून ती दिवाळीनंतर कळवणार आहे. वाचकांच्या घरी अशा आज्या असतील, तर त्यांनाही विचारून पाहावे आणि या साप्ताहिकाच्या पत्त्यावर दोन ओळी धाडाव्यात. शब्दाबरोबर गाव लिहायला मात्र विसरू नये.